कोणत्या शिवेवरून आला आणि कोणत्या तारखेला?

जुळे सोलापुरात चायनीजचं सेंटर चालवणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे नेपाळची तीन मुलं कामाला आहेत, आणि त्यातल्या एकाचं विडी घरकुल भागातल्या मुलीशी लग्न ठरतंय. शेजारच्या बांधकामावरच्या बंगाली बोलणाऱ्या पोरांना पोलिसांनी चौकशीला नेलं, नेपाळी मुलांना मात्र कुणी काही विचारलं नाही. ते विचारतात, "नवीन कायदा आलाय म्हणतात. माझ्या पोरांना व्हिसा लागतो का? लग्न कसं करायचं? आणि दोघेही शेजारच्याच देशातले, मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं का?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. नेपाळी मुलांना व्हिसा लागत नाही, काम करायला परवानाही लागत नाही. लग्न रीतसर होतं. तिसऱ्या प्रश्नातच सगळी मेख आहे, आणि तो समजला नाही तर पहिल्या दोन उत्तरांचाही उपयोग होत नाही.

मी सोलापूरच्या कोर्टात २८ वर्षं वकिली करतोय. परदेशी माणसाची नोंदणी, नागरिकत्वाचे अर्ज, अडकलेले पासपोर्ट अशी कामं माझ्याकडे येतात. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. बोलताना आपण 'शेजारी देश' म्हणतो, पण कायद्यात सगळ्या शेजाऱ्यांना मिळून एक नियम नाही. प्रत्येक शिवेचा वेगळा करार, वेगळी सूट, वेगळी तारीख. त्यामुळे अशील समोर बसला की मी दोनच गोष्टी विचारतो. कोणत्या शिवेवरून आलात? आणि कधी? भाषा, धर्म, चेहरा यावरून माणसं अंदाज बांधतात. काही प्रकरणांत कायदाही धर्म विचारतो, ते पुढे येईलच. पण सुरुवात या दोन प्रश्नांनीच करायची.

आधी नेपाळ. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत आणि नेपाळमध्ये शांतता व मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात म्हटलंय की दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहणं, मालमत्ता, व्यापार आणि फिरणं या बाबतींत परस्परांना सारख्या सवलती मिळतील. तुमच्या सेंटरच्या कढईपाशी उभा असलेला मुलगा या एका कलमावर उभा आहे. भूतानशीही अशीच सूट आहे, तिचं मूळ १९४९ च्या करारात. त्या मानाने भूतानचे लोक सोलापुरात कामाला येत नाहीत, म्हणून ते बाजूला ठेवू.

गुरखा आपल्याकडे या कराराच्याही आधीपासून आहे. १८१४-१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धाच्या काळात इंग्रजांनी गोरखा पलटणी उभारल्या. त्याच सुमारास नेपाळची माणसं रणजितसिंगांच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जायची, म्हणून परदेशी नोकरी करणाऱ्याला नेपाळीत आजही 'लाहुरे' म्हणतात. म्हणजे १९५० च्या कराराने नवीन वाट काढली नाही, चालू वाटेला कागद दिला. कराराबद्दल नेपाळात नाराजी मात्र आहे. तिकडून राणा घराण्याच्या शेवटच्या पंतप्रधानांनी सही केली, इकडून राजदूताने, इथपासून तक्रार सुरू होते. फेरविचारासाठी दोन्ही देशांच्या मान्यवरांचा गट नेमला, त्याने २०१८ मध्ये अहवाल तयारही केला, पण तो स्वीकारायचा मुहूर्त काही निघाला नाही. घोंगडं भिजत पडलंय. आणि 'परस्पर' हा शब्दही फार ताणू नका. नेपाळात भारतीय माणसाला जमीन घेता येत नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून जो नवा कायदा लागू झाला, तो आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५. त्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे गुंडाळले. पण नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांची सूट त्याच्याखालच्या आदेशात तशीच ठेवली आहे. फक्त तिची हद्द नीट वाचा. नेपाळी माणूस नेपाळच्या सीमेवरून, रस्त्याने किंवा विमानाने आला, तर पासपोर्ट-व्हिसा नको. तोच माणूस दुबईत काम करून मुंबईला उतरला तर पासपोर्ट हवाच. आणि चीन, मकाऊ, हाँगकाँग किंवा पाकिस्तानातून आला तर सूटच नाही. तुमच्या तिघांपैकी कुणी आखातात जाऊन आलाय का, हे एकदा विचारून घ्या. माझ्याकडच्या एका प्रकरणात नेमका तिथेच घोटाळा झाला होता.

व्हिसा नको म्हणजे कागदच नको, असं मात्र नाही. २०१८ मध्ये केंद्रीय गृह खात्याने आसाम सरकारला गोरख्यांबद्दल खुलासा पाठवला होता. नेपाळच्या सीमेवरून आलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी तो बेकायदा स्थलांतरित नाही, पण त्याच्याकडे ओळख पटवणारा कागद हवा. नेपाळी पासपोर्ट, नाहीतर नागरिकता प्रमाणपत्र, नाहीतर नेपाळचं मतदार ओळखपत्र, नाहीतर दिल्लीतल्या नेपाळी दूतावासाने दिलेलं मुदतीचं फोटो ओळखपत्र. यातल्या नागरिकता प्रमाणपत्राला पोरं नुसतं 'नागरिकता' म्हणतात. सोळा वर्षं झाली की जिल्हा प्रशासन कार्यालयातून मिळते. बहुतेक जण ती गावी आईच्या पेटीत ठेवून येतात आणि मोबाइलात फोटो बाळगतात. मूळ कागद मागवून घ्या. दिवाळीला नाहीतर दशैंला (त्यांचा दसरा) कुणीतरी गावी जातंच.

या नागरिकतेवर जन्मतारीख विक्रम संवतात असते. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका ठाण्यातून मला दुपारी फोन आला. पोरगा बसवून ठेवलेला, कागद बनावट असल्याचा संशय. का, तर जन्मसाल २०५८! हवालदारसाहेब म्हणाले, "वकीलसाहेब, हा अजून जन्माला यायचाय." संवतातून ५७ वजा करा, साल २००१ निघतं, हे त्यांना कागदावर करून दाखवलं तेव्हा ठाण्यात सगळ्यांनी चहा घेतला, पोराने पण. तेव्हापासून मी नेपाळी अशिलाच्या कागदाला इसवी सनाची तारीख लिहिलेली एक चिठ्ठी टाचून देतो. तुम्हीही द्या.

आधारबद्दल फार गैरसमज आहेत. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, तो राहण्याशी जोडलेला आहे. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेला परदेशी माणूसही तो काढू शकतो. नेपाळ-भूतानच्या नागरिकांना मिळणाऱ्या आधारला १० वर्षांची मुदत असते. मुलांनी तो नेपाळी नागरिक म्हणूनच काढावा. गल्लीतला एखादा एजंट "भारतीय म्हणून काढून देतो, मतदार कार्ड पण देतो" असं म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. नेपाळी माणसाला खोट्या कागदाची गरजच नाही, आणि तो घेतला की असलेली सूट जाऊन उलट गुन्हा अंगावर येतो. बनावट कागद वापरल्याबद्दल नव्या कायद्यात २ ते ७ वर्षं कैद आणि १ ते १० लाख रुपये दंड आहे. सुंठीवाचून खोकला गेलेला असताना विष कशाला घ्यायचं?

पैसे पाठवण्याचंही सांगून टाकतो, कारण पोरं गावी जाणाऱ्याच्या खिशात नोटा कोंबून पाठवतात. २०१६ च्या नोटबंदीत नेपाळात कितीतरी कुटुंबांकडे जुन्या भारतीय नोटा तशाच पडून राहिल्या. रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रक्कम पाठवण्याची सोय २००८ पासून आहे. २०२१ मध्ये तिची मर्यादा खात्यातून एका वेळी २ लाख रुपयांपर्यंत वाढवली. रोख भरून पाठवायचे असतील तर ५० हजारांपर्यंत.

आता शेजारच्या बांधकामावरच्या पोरांकडे येतो. पण त्याआधी थोडं घरचं.

माझे आजोबा करीमनगरकडचे, पद्मशाली. हातमागाच्या आशेने सोलापूरला आले. आपल्या पूर्व भागातली अर्धी घरं अशीच आली. आज आपण त्याला 'तेलंगणातून आले' म्हणतो, पण तेव्हा ते एक संस्थान सोडून इंग्रजी मुलखात येणं होतं. तुळजापूर, नळदुर्ग निजामाकडे, सोलापूर मुंबई इलाख्यात. मध्ये करोडगिरी नाका. आजी सांगायची, गाठोडं सोडून दाखवावं लागे, जकात द्यावी लागे. पण माणूस म्हणून तू कुठला, असं कुणी विचारत नसे. मालावर जकात होती, माणसावर नव्हती. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने याच वाटेने हजारो लोक आपल्या जिल्ह्यात आले, आणि १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरहून याच वाटेने नळदुर्गाकडे गेली. आठवडाभरात ती शीव पुसली. सोलापूर हे एकेकाळी सीमेवरचं गाव होतं, हे आपण विसरलोय.

ज्या वर्षी इथली शीव पुसली, त्याच वर्षी पश्चिमेला दुसरी उभी राहिली. १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून यायला परवाना लागू झाला. ती तारीख आपल्या संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदातही आहे: त्याआधी आलेल्याला एक नियम, नंतर आलेल्याला दुसरा. पूर्वेकडे मात्र ये-जा चालूच राहिली. पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर पासपोर्ट आला तो ऑक्टोबर १९५२ मध्ये. म्हणजे फाळणीनंतरही पाच वर्षं तिकडचा माणूस पासपोर्टाशिवाय येत होता. मग १९७१ चं युद्ध आणि जवळपास एक कोटी निर्वासित. पुढे १९८५ चा आसाम करार, त्यात आसामपुरती २५ मार्च १९७१ ही रेघ: त्यानंतर आलेला तो परदेशी. त्या रेघेचं नागरिकत्व कायद्यातलं कलम ६अ सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी वैध ठरवलं. २०१५ मध्ये छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या वस्त्यांची, अदलाबदल झाली. भारताच्या १११ वस्त्या बांगलादेशात गेल्या, त्यांच्या ५१ आपल्याकडे आल्या. गाव आहे तिथेच राहिलं, देश बदलला.

तर बांगलादेशाच्या नागरिकाला आज व्हिसा लागतोच, याबद्दल दुमत नाही. नवीन कायद्यात पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत आल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हिसाची मुदत संपून राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण माझं एक मत आहे, ते पोलिसांतल्या मित्रांनाही सांगतो. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या बांगलादेशी माणसाने कायदेशीर यायचं म्हटलं, तर दरवाजा कुठे आहे? नोकरीच्या व्हिसाला वर्षाला १६.२५ लाख रुपये पगाराची अट आहे. बिगाऱ्याला तेवढा पगार सोलापुरात कोण देणार? आपण कुंपण बांधलं, चांगलं केलं, पण हंगामी मजुरीचा परवाना नावाचं फाटक ठेवलंच नाही. मग लोक कुंपणाखालून येतात आणि बनावट आधारचा धंदा चालतो. नेपाळच्या बाबतीत फाटक उघडं आहे, म्हणून तिथे या धंद्याची गरजच नाही. तुमच्या 'दुसरा न्याय का' या प्रश्नाचं निम्मं उत्तर इतिहासात आहे, निम्मं इथे.

या सगळ्यात भरडला जातो तो पश्चिम बंगालचा माणूस. तुमच्या शेजारची पोरं मुर्शिदाबादची, मालद्याची असतील तर ती तुमच्या-माझ्याइतकी भारतीय आहेत. सराफ बाजारातले किती कारागीर बंगाली आहेत, बघा. 'पाणी म्हणतो की जल' यावरून देश ठरवणारे महाभाग मी पाहिलेत. मुर्शिदाबादचा मुसलमान घरी 'पानि'च म्हणतो, पिढ्यान् पिढ्या. २०२५ च्या मोहिमेत महाराष्ट्रातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपार ढकलले गेले आणि नंतर परत आणावे लागले. अडचण अशी की, या कायद्यात आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचा भार त्या माणसावरच असतो. १९४६ च्या कायद्यात होता, नव्यातही आहे. त्यामुळे आधार-पॅन दाखवून भागत नाही. आईवडिलांचं नाव असलेली गावची मतदार यादी, जमिनीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, पंचायतीचा कागद, अशी साखळी लागते. ठेकेदाराला सांगा, गावाकडून हे कागद आत्ताच मागवून ठेवा. पकडल्यानंतर मागवायला वेळ मिळत नाही.

आणि ती पोरं खरंच सीमेपलीकडची निघाली, तर जाणूनबुजून आसरा-मदत करणाराही अडकतो. खोली भाड्याने देणाऱ्याने भाडेकरूची माहिती ठाण्यात देण्यात कुचराई करू नये, भाडेकरू लातूरचा असो की काठमांडूचा.

पाकिस्तानबद्दल थोडक्यात, कारण सोलापुरातली सिंधी घरं हा प्रश्न विचारतात. तिथला नियम सगळ्यात कडक. व्हिसा शहरापुरता, पोहोचल्यापासून २४ तासांत पोलिसांत हजेरी. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये बहुतेक व्हिसे रद्द झाले, पण पाकिस्तानी हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे चालू राहिले. तेव्हा एक आजी पिशवीत दहा वर्षांच्या पावत्या घेऊन माझ्या ऑफिसात आल्या होत्या, त्या या खुलाशावरच शांत झाल्या. नागरिकत्वाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याचं नशीब थोडं खोटं. २०१६ मध्ये काही जिल्हाधिकाऱ्यांना या अर्जांवर निर्णयाचे अधिकार मिळाले, त्यात महाराष्ट्रातून मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर होते. सोलापूर नव्हतं. नागरिकत्व कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीचे (सीएए) नियम मार्च २०२४ मध्ये आले, आणि आता जिल्हा समितीचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक असतात. लोकांचा विश्वास बसत नाही, पण नागरिकत्वाची शपथ आता पोस्टाच्या साहेबांपुढे घ्यायची. इथेही तारीख आलीच. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन यांनाच हा मार्ग आहे. २०२५ च्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ अशी दुसरी तारीख आहे, पण ती याच समाजांना शिक्षेतून सूट देते, नागरिकत्व देत नाही. या दोन तारखांची गल्लत करून अर्ज भरणारे माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतात.

आता लग्न. नेपाळी मुलगा आणि भारतीय मुलगी असेल तर मी नेहमी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायला सांगतो. मंगलाष्टका, अक्षता खुशाल करा, पण कागद हा असू द्या. दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. मुलीचं आहेच. नोटीस दिली की ३० दिवस थांबायचं. मुलाची नागरिकता, आणि तो अविवाहित असल्याचा नेपाळातला दाखला मागतात. हा दाखला गावच्या वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयातून निघतो. त्याला वेळ लागतो, म्हणून हॉल ठरवायच्या आधी मागवा.

लग्नानंतर मुलीने काय करायचं, हे खरं महत्त्वाचं. नेपाळी माणसाशी लग्न केलेल्या परदेशी बाईला तिकडे अंगीकृत नागरिकता मिळू शकते. सासरचे लोक प्रेमाने म्हणतात, घेऊन टाक. पण ती घेतली की नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने तिचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. रेशन कार्ड, मतदान, पासपोर्ट, सगळ्याचा प्रश्न येतो. सोलापुरात राहणार असतील तर मुळीच घेऊ नये. (उलट, नेपाळी मुलीशी लग्न करणाऱ्या आपल्या मुलाला तिकडे लग्नाच्या नात्याने नागरिकता मिळत नाही. तिथला कायदा सुनेला घेतो, जावयाला नाही.) आपल्याकडे सून-जावई असा भेद नाही. भारतीय जोडीदार आणि ७ वर्षांचं वास्तव्य असलं की मुलालाही नोंदणीने भारतीय नागरिकत्व मागता येतं. फक्त व्हिसा नसल्यामुळे सात वर्षांचा शिक्काही कुठे नसतो. म्हणून भाडेकरार, बँकेचं पासबुक, तुमच्या सेंटरच्या पगाराची नोंद, हे आजपासून जपायला सांगा. पगार रोख न देता खात्यात द्या, तेच पुढे पुरावा होईल.

मूल इथे जन्मलं तर? ३ डिसेंबर २००४ ला किंवा त्यानंतर भारतात जन्मलेल्या मुलाचा एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर ते जन्माने भारतीय. बाप नेपाळी आणि त्याच्याकडे नागरिकता, म्हणजे तो बेकायदा नाही. मूल भारतीय. बापाच्या कागदाची किंमत इथे कळते. तो कागद नसेल तर वीस वर्षांनी त्या मुलाच्या पासपोर्टाला कुणीतरी हरकत घेऊ शकतं.

शेवटचं एक. नोटीस दिली की दोघांची नावं-पत्ते विवाह अधिकाऱ्याच्या फलकावर महिनाभर लागतात. मुलीच्या घरी हे आधी सांगून ठेवा. माझ्या मागच्या एका प्रकरणात मुलीच्या चुलत्याला लग्नाची बातमी त्या फलकावरूनच कळली होती, आणि मग नेपाळचा करार समजावण्यापेक्षा चुलत्याला समजावण्यात जास्त दिवस गेले.